रंग कॅबिनेटचा, प्रश्न वाचकांचे

संगणकाचे कॅबिनेट घरच्या घरी रंगवण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. एकाच अडचणीविषयी अनेकांनी लिहिले आहे तेथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझे कॅबिनेट पोलादी पत्र्याचे आणि काळ्या रंगाचे असून बरेच जुने आहे. दोन्ही बाजूंवर ओरखडे आहेत आणि एका कोपऱ्यावर तर पत्रा उघडा पडला आहे. आतले सर्व भाग उत्तम चालत असल्याने नवे कॅबिनेट घेण्याची इच्छा नाही. स्प्रे कॅनने गडद निळा रंग द्यायचे ठरवले आहे. त्यासाठी आधीचा रंग पूर्णपणे खरवडून काढावा लागेल का? आणि कामाचा क्रम कसा असावा?

उत्तर : जुना रंग पूर्ण काढू नका. तुमच्या कॅबिनेटवरचा काळा थर बहुधा पावडर कोटिंगचा आहे, म्हणजे कोरडी भुकटी पत्र्यावर बसवून ती साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला भट्टीत पक्की केलेली आहे. घरी देता येणारा कोणताही रंग चिवटपणात त्याची बरोबरी करत नाही. शिवाय कॅबिनेटच्या पत्र्यावर सहसा जस्ताचा मुलामा असतो आणि तो अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा असतो. रंग काढण्याच्या भरात हा मुलामाही घासला गेला, तर आजवर न गंजलेला पत्रा गंजू लागतो. जेथे जुना थर घट्ट धरून आहे तेथे तोच नव्या रंगाचा पाया समजावा आणि त्याची फक्त चकाकी मोडावी.

पहिले काम अर्थातच सुटे करण्याचे. मदरबोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारी धातूची पेटी), डिस्क, पंखे, पुढच्या बटणांच्या वायरी आणि तळाचे रबरी पाय असे सगळे बाहेर काढावे आणि वायरी सोडण्यापूर्वी त्यांचे फोटो घेऊन ठेवावेत. स्क्रू एकाच वाटीत टाकू नयेत, कारण कॅबिनेटमध्ये दोन प्रकारचे आटे असतात : जाड आट्यांचे ६-३२ आणि बारीक आट्यांचे एम-३. दिसायला ते सारखेच वाटतात, पण चुकीचा स्क्रू जोराने पिळला की भोकातले आटे जातात. पत्रे एकमेकांना जोडणारे रिव्हेट ड्रिलने उडवून सांगाडा मोकळा करता येतो आणि कोपरे त्यामुळे सुबक रंगतात, हे खरे आहे. परंतु नंतर रिव्हेट पुन्हा मारावे लागतात, तेव्हा पहिल्याच खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

यानंतर धुणे, आणि तेही घासण्याच्या आधी. हा क्रम उलटला तर बोटांचा तेलकटपणा घासताना पडलेल्या बारीक चरांमध्ये जाऊन बसतो आणि मग तो निघत नाही. भांडी घासण्याचा साबण व कोमट पाणी वापरून पत्रे स्वच्छ करावेत, चांगले खळबळावेत, कोरडे करावेत आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पृष्ठभाग खरोखर स्वच्छ झाला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही, पण पाण्याला कळते. पत्रा घासून झाल्यावर तिरपा धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडावे. पाण्याचा अखंड पडदा पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पडदा मध्येच फाटून थेंब एकवटू लागले तर तेथे तेलाचा किंवा सिलिकॉनच्या पॉलिशचा अंश उरला आहे. अशा जागी रंग दिला की थर बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. त्यांवर कितीही हात दिले तरी ते बुजत नाहीत.

घासण्यासाठी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून वापरावा. सगळीकडे एकसारखी मंद, दुधी छटा येईपर्यंत घासावे. प्रकाशात तिरपे पाहिल्यावर एखादा चकाकणारा ठिपका दिसला, तर तेथे नवा रंग धरणार नाही असे खुशाल समजावे. ओरखड्याच्या कडा प्रथम २४० किंवा ३२० नंबरने उतरत्या कराव्यात, म्हणजे बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. उघड्या पडलेल्या कोपऱ्यावर गंज असल्यास तो पूर्ण काढावा आणि तेवढ्या भागावर, जस्ताच्या पत्र्यावर चालतो असे ज्याच्या डब्यावर स्पष्ट लिहिले आहे, असाच प्रायमर मारावा. जस्तावर थेट ऑइल पेंट कधीही देऊ नये, कारण त्यातल्या तेलातील आम्लांचा जस्ताशी संयोग होऊन रंगाच्या तळाशी साबणासारखा थर तयार होतो. रंग प्रथम उत्तम दिसतो आणि काही महिन्यांनी त्याचे सलग पोपडे निघू लागतात.

नंतर सर्व पत्र्यांवर भरावाच्या प्रायमरचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रायमर वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ शिडकावा करावा, जणू मिरपूड भुरभुरली आहे इतका, आणि लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर ६०० नंबरचा पेपर गुंडाळून घासावे. उंचवट्यांवरचे काळे ठिपके लगेच जातात आणि खोलगट जागी मात्र ते तसेच राहतात. म्हणजे पोच कोठे आहेत आणि जुना ओरखडा कोठे अजून भरला नाही, याचा नकाशाच समोर येतो. निळा रंग, विशेषतः चकचकीत निळा, पृष्ठभागाचा एकही दोष झाकत नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नये असा माझा आग्रह आहे.

प्रत्यक्ष फवारणीला त्या मानाने फार वेळ लागत नाही. डब्यातली गोळी वाजू लागल्यानंतरही मिनिटभर, शक्य तर दोन मिनिटे, डबा हलवावा. नोझल पत्र्यापासून २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवून हात पत्र्याला समांतर न्यावा. फवारा पत्र्याच्या कडेबाहेर सुरू करावा आणि दुसऱ्या कडेबाहेर गेल्यावर सोडावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला हात इतका पातळ असावा की खालचा प्रायमर स्पष्ट दिसत राहावा. पहिल्याच हातात पूर्ण रंग बसवण्याच्या नादात ओघळ येतात. दोन हातांमधील अंतर डब्यावर दिलेले असते; बहुतेक ॲक्रिलिक रंगांसाठी ते १० ते १५ मिनिटांच्या आसपास असते. डबा फार लांब धरला तर थेंब हवेतच अर्धवट सुकतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पत्रे आडवे ठेवून रंगवले की ओघळांची भीती निम्मी होते.

वरून क्लिअर कोट, म्हणजे रंगाच्या रक्षणासाठीचा पारदर्शक थर, द्यायचा असल्यास चकाकी हवी की मंदपणा, हे आधीच ठरवावे. चकचकीत क्लिअर कोट पक्का झाल्यावर १५०० व नंतर २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून रबिंग कंपाउंडने उजळता येतो. मॅट क्लिअर कोटला हा उपाय चालत नाही, कारण घासलेली जागा चमकू लागते आणि डाग पडल्यासारखे दिसते.

प्रश्न : कॅबिनेट आतून-बाहेरून रंगवून पुन्हा जोडले आणि संगणक दुसऱ्या खोलीत मांडला. तेव्हापासून मागच्या बाजूच्या स्क्रूला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. रंगामुळे अर्थिंग तुटले असेल का?

उत्तर : झिणझिण्यांचे मूळ बहुधा रंगात नसून नव्या खोलीतल्या सॉकेटमध्ये आहे. एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले छोटे कपॅसिटर दोन्ही वीजतारांपासून त्याच्या धातूच्या पेटीला जोडलेले असतात. सॉकेटमधली अर्थची तार नीट असेल तर त्यातून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीकडे निघून जातो. ती तुटलेली असेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावला असेल, तर पेटीवर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो आणि स्पर्श होताच झिणझिण्या येतात. संगणकाचा वापर थांबवून प्रथम सॉकेटचे अर्थिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

तरीही तुमची शंका अनाठायी नाही, कारण आतून सरसकट रंग देणे चुकीचेच आहे. कॅबिनेट ही नुसती पेटी नसून विद्युत जोडणीचा भाग असते. एसएमपीएस ज्या चौकटीवर टेकतो ती जागा, मदरबोर्डखालच्या पितळी खुंट्या आणि त्या बसतात ती भोके, मागच्या पोर्टच्या पट्टीभोवतीची कड, विस्तार कार्डांच्या पट्ट्या जेथे स्क्रूने आवळल्या जातात तो काठ, आणि बाजूचे पत्रे सांगाड्याला घासून बसतात त्या कडा अशा सर्व ठिकाणी धातूला धातू भिडला पाहिजे. मधे रंगाचा थर आला की एखादा पत्रा इतरांपासून विजेच्या दृष्टीने तुटून वेगळा पडतो. उद्या आतली जिवंत तार सुटून त्या पत्र्याला टेकली तर फ्यूज उडण्यासाठी लागणारा मार्गच उरत नाही. रेडिओ लहरींचा उपद्रव रोखण्याचे कॅबिनेटचे कामही अशाने अधू होते.

रंगवण्यापूर्वी या जागा मास्किंग टेपने झाकायच्या असतात आणि आट्यांच्या भोकांत जुने स्क्रू बसवून ठेवायचे असतात. तुमच्याकडे रंग देऊन झाला आहे, तेव्हा प्रत्येक स्क्रूच्या बैठकीभोवती नाण्याएवढ्या भागावरचा रंग ब्लेडने खरवडावा, मात्र खालचा जस्ताचा मुलामा दिसताच थांबावे. कडेला दाते असलेला वॉशरही रंग कापून आत टेकतो. मग संगणकाची वायर भिंतीतून काढून मल्टिमीटर बझरवर लावावा, एक टोक त्या वायरीच्या अर्थ पिनेला आणि दुसरे प्रत्येक पत्र्याच्या उघड्या स्क्रूला टेकवावे. सगळीकडे बझर वाजला आणि रोध एक ओहमच्या आत राहिला, तर कॅबिनेटची बाजू ठीक आहे.

प्रश्न : पहिला हात छान बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा हात दिला आणि पाहता पाहता संपूर्ण पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या. डबा तोच, रंगही तोच. असे का व्हावे?

उत्तर : तुमचा रंग इनॅमल जातीचा असणार. लॅकर केवळ द्रावक उडून वाळतो; इनॅमल मात्र आधी द्रावक उडून कोरडा होतो आणि नंतर हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू पक्का होत जातो. या मधल्या काळात वरची साय धरलेली असते, पण आतला थर कच्चाच असतो. त्या वेळी नवा हात दिला की त्यातले द्रावक साय फुगवते आणि तिला पसरायला जागा नसल्याने ती चुरगळते. म्हणूनच अशा डब्यांवर ‘एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर’ अशा धर्तीची सूचना छापलेली असते. आकडे रंगागणिक बदलतात, पण ही सूचना डब्यावरच्या सगळ्या मजकुरात सर्वांत मोलाची असते आणि दुर्दैवाने ती सर्वांत बारीक अक्षरांत असते. इनॅमलवर लॅकर फवारल्यानेही असेच होते. आता तो थर पूर्ण कडक होऊ द्यावा, सुरकुत्या घासून सपाट कराव्यात, प्रायमरचा एक हात द्यावा आणि मग नव्याने रंग द्यावा. प्रायमर, रंग व क्लिअर कोट एकाच उत्पादकाच्या एकाच मालिकेतले घेतल्यास असले तंटे बव्हंशी टळतात.

याच संदर्भात दुसऱ्या एका वाचकांनी क्लिअर कोटवर पांढुरकी साय आल्याचे कळवले आहे. दमट हवेत द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर द्रवते. ती थरात अडकली की पांढुरकेपणा येतो. कोरड्या दिवशी त्याच क्लिअर कोटचा एक पातळ हात दिला तर अडकलेला ओलावा पुष्कळदा निघून जातो.

प्रश्न : पुढचे प्लास्टिकचे पॅनेल थिनरने पुसले तर ते चिकट झाले. ते वाचवता येईल का? दुसरे असे की, माझ्याकडे एक जुना फिकट रंगाचा संगणकही आहे. त्याचे प्लास्टिक पार पिवळे पडले आहे. तोही रंगवावा का?

उत्तर : कॅबिनेटचे पुढचे पॅनेल बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकचे असते, आणि ॲसिटोन किंवा ॲसिटोनयुक्त थिनर एबीएसला विरघळवतो. चिकट झालेल्या जागेला आता हात लावू नये; दोन-तीन दिवसांत ती पुन्हा घट्ट होईल, मग ६०० नंबरने घासून समतल करावी. पुढे प्लास्टिक पुसण्यासाठी साबणाचे पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांपलीकडे जाऊ नये. प्रायमरच्या आधी प्लास्टिकसाठीचा चिकटपणा वाढवणारा द्रव फवारावा, कारण धातूचा प्रायमर प्लास्टिकवर बसल्यासारखा दिसतो आणि नखाने निघतो. पॅनेलला जाळी असल्यास रंग फार विरळ मारावा. बारीक छिद्रे बुजली की पंख्यांना हवा कमी पडते. धूळ अडवणारी गाळणी तर रंगवूच नये.

जुन्या संगणकाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. एबीएसमध्ये आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनयुक्त रसायने आणि खुद्द प्लास्टिक यांच्यावर अतिनील किरणांचा व उष्णतेचा परिणाम होऊन हा पिवळेपणा येतो. २००८ च्या सुमारास अशा यंत्रांच्या शौकिनांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते प्लास्टिक अतिनील प्रकाशात ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तिला रेट्रोब्राइट म्हणतात. त्याने मूळ छटा बरीचशी परत येते, पण काही काळाने पिवळेपणा पुन्हा डोके वर काढतो, आणि द्रव असमान लागला तर ढगांसारखे पट्टे उमटतात. पेरॉक्साइड त्वचा भाजते, म्हणून हातमोजे व डोळ्यांना चष्मा आवश्यक आहे. रंग दिला तर पिवळेपणा कायमचा झाकला जाईल, हे खरे. परंतु त्याबरोबर साच्यातून उतरलेला मूळ बारीक पोतही झाकला जाईल आणि तो परत आणता येणार नाही. यंत्र जुन्या काळचा नमुना म्हणून जपायचे असेल तर ते पिवळेच बरे.

प्रश्न : काळ्या रंगाने संगणक जास्त तापतो आणि पांढऱ्याने थंड राहतो, हे कितपत खरे आहे?

उत्तर : खोलीत ठेवलेल्या संगणकाबाबत ते खरे नाही. आतली उष्णता मुख्यतः पंख्यांनी ढकललेल्या हवेबरोबर बाहेर जाते. पत्र्यातून किरणांवाटे जी थोडी बाहेर पडते, तिच्या बाबतीत सामान्य काळा आणि सामान्य पांढरा रंग जवळपास सारखेच वागतात, कारण ती अवरक्त किरणांच्या पट्ट्यात असते आणि तेथे आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाला फारसा अर्थ नसतो. ऊन थेट कॅबिनेटवर पडत असेल तेवढ्यापुरता काळा रंग जास्त तापेल. अशा वेळी कॅबिनेटची जागा बदलावी. पांढऱ्याचा खरा फायदा आतल्या बाजूला आहे : वायरी जोडताना उजेड पुरतो.

प्रश्न : घराला अंगण किंवा गच्ची नाही. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून आणि धुळीसाठी वापरतात तो मास्क लावून फवारणी केली तर चालेल का? काही जण टू-के क्लिअर कोटची शिफारस करतात, तोही वापरावा असा विचार आहे.

उत्तर : धुळीचा मास्क रंगाचे कण काही प्रमाणात अडवतो, द्रावकाची वाफ मुळीच अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचे काडतूस आणि त्यावर कणांची गाळणी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो. आगीचा धोका वेगळाच. स्प्रे कॅनमधला दाब पुष्कळदा प्रोपेन, ब्युटेन किंवा डायमिथिल ईथर अशा ज्वालाग्राही वायूंचा असतो. खोलीत गॅसची शेगडी, गीझरची ज्योत, देवापुढचा दिवा किंवा ठिणगी पडणारा साधा टेबल पंखाही चालू असता कामा नये. केवळ खिडक्या उघड्या ठेवून हे साधत नाही. मोकळ्या हवेतली जागा तासाभरासाठी का होईना मिळवावी, आणि ती मिळत नसेल तर फवारणीचा हट्ट सोडून पुढच्या प्रश्नाचे उत्तर पाहावे.

टू-के क्लिअर कोटमध्ये डब्याच्या तळाचे बटण दाबल्यावर कडक करणारा घटक रंगात मिसळतो आणि तो थर पेट्रोललाही दाद देत नाही, हे खरे आहे. पण त्या घटकात आयसोसायनेट असतात. त्यांमुळे दमा जडू शकतो आणि एकदा ती संवेदनशीलता आली की पुढे अत्यल्प मात्राही सोसत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या व्यावसायिक रंगाऱ्यानेच हे काम करावे. तुमच्या घरात ते होऊ नये.

प्रश्न : ब्रशने किंवा रोलरने कॅबिनेट रंगवता येते का?

उत्तर : येते. सपाट पसरणारे पाण्याचे इनॅमल आणि बारीक फोमचा लहान रोलर घ्यावा, हात पातळ द्यावेत आणि प्रत्येक दोन हातांमध्ये ६०० नंबरने हलके घासावे. स्प्रेइतकी सफाई येणार नाही, पण मॅट रंगात फरक सहज लक्षातही येत नाही. ब्रश फक्त कोपऱ्यांपुरता ठेवावा.

प्रश्न : बाजूच्या पत्र्यावर दोन रंगांची नक्षी करताना टेपखालून रंग झिरपतो आणि कडा फाटक्या दिसतात. उपाय सुचवावा.

उत्तर : टेप नखाने दाबून बसवल्यावर त्याच्या कडेवरून आधी खालचाच रंग पुन्हा एकदा विरळ फवारावा. जे काही झिरपायचे ते त्याच रंगाचे झिरपते आणि फट बुजते. मग वरचा रंग द्यावा. टेप रंग पूर्ण कडक होण्यापूर्वी, स्वतःवरच मागे दुमडून, सावकाश ओढावा. उशीर झाला असेल तर कडेवरून धारदार ब्लेड हलक्या हाताने फिरवून मगच काढावा, नाहीतर टेपबरोबर रंगाचा टवकाही येतो.

प्रश्न : रंग हाताला लागत नाही, म्हणजे जोडणी सुरू करावी का?

उत्तर : हाताला न लागणे आणि पक्के होणे यांत बरेच दिवसांचे अंतर असते, इनॅमलला साधारण आठवडा, गार किंवा दमट हवेत त्याहून अधिक लागतो. न दिसणाऱ्या जागी अंगठ्याचे नख दाबून पाहावे. खूण उमटली तर थांबावे. घाईने मदरबोर्ड आत बसवला तर उरलेले द्रावक बंद पेटीत वास धरून राहते, आणि तळाचे रबरी पाय कच्च्या रंगात रुतून कायमचे चिकटतात. बाजूचे पत्रे बसवताना ते सरकवून न आणता, शक्य तेवढे उचलून खाचेत टेकवावेत, कारण पहिला ओरखडा हमखास तेथेच पडतो. स्क्रूखाली रंग चिरडू नये म्हणून काही जण नायलॉनचे वॉशर घालतात. बाहेरच्या शोभेच्या स्क्रूंना ते चालतील, मात्र एसएमपीएसच्या आणि मदरबोर्डच्या स्क्रूंना घालू नयेत, कारण तेथे धातूचा जोड हवा आहे.